घटत्या औषधाचा हिशेब

आपल्या घरांत भिंतीवर घड्याळ येण्याच्या कितीतरी आधीपासून वेळेची शिस्त नांदत आली आहे. सूर्योदयानंतर दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, लोटल्यावाचून नवकारसी पारता येत नाही. सामायिकही तेवढ्याच ४८ मिनिटांचे. आणि चौविहार करणाऱ्याचा आहार-पाण्याचा दिवस सूर्यास्ताबरोबर संपतो. व्यापारातही काळाचा हिशेब आपल्याला नवा नाही. नव्या हंगामाचे ओलसर सोयाबीन कोठारात पडून राहिले तर वजनात किती घट धरायची, संत्र्यांची गाडी एक दिवस उशिरा पोहोचली तर भाव किती उतरेल, हे आपल्यापैकी अनेकांना कागदावाचून सांगता येते. तरीही ज्याचे माप दर ६८ मिनिटांनी बरोबर निम्मे होते, जे साठवून ठेवता येत नाही आणि दुसऱ्या दिवशीसाठी राखता येत नाही, असा माल मी गेल्या हिवाळ्यापर्यंत पाहिला नव्हता. तो माल म्हणजे एक औषध होते आणि ते माझ्या वडिलांसाठी तयार होत होते.

हे लिहावेसे वाटले त्याचे कारण एवढेच, की हा आजार आपल्या अनेक घरांत येतो आणि बहुतेक घरांत तो दाराआड राहतो. मधुमेहाची आणि हृदयविकाराची चर्चा लग्नाच्या पंगतीतही होते. प्रोस्टेटचे नाव मात्र सुनांसमोर, नातवंडांसमोर घेतले जात नाही. वृद्ध माणूस रात्री चार वेळा उठतो, आणि घर समजते की वयच झाले.

बाबूजींचे वय ७८. पन्नासहून अधिक वर्षे त्यांनी इतवारीत धान्याची अडत चालवली. सहा वर्षांपूर्वी त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले आणि मूत्राशयाखाली असणारी ही अक्रोडाएवढी ग्रंथी शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात आली. त्यानंतर दर काही महिन्यांनी रक्तातील ‘पीएसए’ तपासायचे, एवढेच उरले होते. हे प्रथिन मुख्यतः प्रोस्टेटच्याच पेशी तयार करतात. ग्रंथीच नाहीशी झाली म्हणजे रक्तातील प्रमाण मोजता येणार नाही इतके खाली जावयास हवे. शस्त्रक्रियेनंतर ते एका मिलिलिटरमागे ०.२ नॅनोग्रॅम वा त्याहून अधिक आले आणि पुन्हा तपासूनही तसेच राहिले, तर आजार परतला असे वैद्यकशास्त्र मानते. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. पाच वर्षे हा आकडा शांत होता. मग तो ०.२ झाला, ०.४ झाला, ०.६ झाला.

रक्ताची तपासणी एवढेच सांगते, की खात्यात बाकी निघते आहे. ती कोणाच्या नावावर निघते, हे ती सांगत नाही. ग्रंथी जिथे होती तिथेच काही पेशी मागे राहिल्या असतील, तर तिथे किरणोपचार देता येतो. ओटीपोटातील लसिकाग्रंथींत त्या गेल्या असतील, तर उपचाराचे क्षेत्र वाढवावे लागते. हाडांत पोहोचल्या असतील, तर सारा विचारच बदलतो. जागा न कळता उपचार करणे म्हणजे अंधारात दगड मारणे.

पूर्वी अशा वेळी हाडांचा स्कॅन आणि सीटी स्कॅन करीत. हाडांच्या स्कॅनसाठी टेक्निशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य टोचतात आणि दोन ते चार तास थांबून चित्र घेतात. हाड जिथे नव्याने घडते-मोडते आहे, तिथे ते अधिक गोळा होते. सीटीमध्ये आकार दिसतो. लसिकाग्रंथी आकाराने वाढलेली नसेल, तर आत रोग असूनही ती निर्दोष समजली जाते. पीएसए ०.६ असताना या दोन्ही तपासण्यांत बहुधा काहीच दिसत नाही. म्हणून आमच्या डॉक्टरांनी पीएसएमए पेट-सीटी करण्यास सांगितले. ऑस्ट्रेलियात ३०२ रुग्णांवर झालेला एक तुलनात्मक अभ्यास २०२० मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. ते रुग्ण पहिल्या उपचाराच्या आधीचे होते. परंतु रोग पसरला आहे की नाही हे अचूक सांगण्यात जुन्या पद्धतीची अचूकता ६५ टक्के आणि नव्या पद्धतीची ९२ टक्के आढळली, एवढे त्यातून कळते.

पीएसएमए हे प्रोस्टेटच्या पेशींच्या पृष्ठभागावर असणारे एक प्रथिन. कर्करोग झालेल्या पेशींवर ते कितीतरी पटींनी अधिक असते. त्या प्रथिनाला अचूक चिकटणारा एक रेणू घ्यायचा, त्याच्या दुसऱ्या टोकाला किरणोत्सारी अणू बसवायचा आणि तो शिरेतून सोडायचा. तो जिथे जाऊन चिकटेल, तिथून निघणारे किरण बाहेरचे यंत्र टिपते. कल्पना सोपी आहे. तिचे मर्म वेळेत आहे.

हा विचार प्रथम व्यवहारात आला तेव्हा उंदरापासून मिळवलेले प्रतिद्रव्य वापरले गेले. १९९६ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. प्रतिद्रव्याचा रेणू अवाढव्य असतो. तो रक्तातून सावकाश उतरतो. त्यामुळे इंजेक्शननंतर चौथ्या-पाचव्या दिवशी चित्र घ्यावे लागे आणि त्यासाठी २.८ दिवसांचे अर्धायुष्य असलेले इंडियम-१११ जोडावे लागे. शिवाय ते प्रथिनाच्या पेशीआतील भागाला चिकटत असल्याने जिवंत पेशींपर्यंत नीट पोहोचत नसे. पुढे जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पीएसएमए-११ हा लहानसा रेणू विकसित झाला आणि २०११ पासून रुग्णांसाठी वापरला जाऊ लागला. तो प्रयोगशाळेत रसायनांतून घडवतात. पेशीच्या बाहेरील भागाला तो चिकटतो, आत ओढला जातो आणि उरलेला मूत्रपिंडांवाटे झपाट्याने बाहेर पडतो. चार दिवसांची प्रतीक्षा एका तासावर आली. वाट लहान झाली म्हणून लहान आयुष्याचा सोबती चालू लागला: गॅलियम-६८, अर्धायुष्य ६८ मिनिटे.

येथे आपल्या राज्याचा थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे, कारण किरणोत्सारी औषध हे कारखान्यातून कुठल्याही दुकानात पाठवता येणाऱ्या गोळ्यांसारखे नसते. ते अल्पायुषी असेल, तर जिथे तयार होते त्याच्या आसपासच ते वापरावे लागते. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. १९४१ साली परळ येथे सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले आणि १९६३ मध्ये परळलाच रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झाले. अणुभट्टी आणि कर्करोगाचे रुग्णालय एकाच विभागाच्या छताखाली आले ते असे. डॉ. होमी भाभांनंतर १९६६ मध्ये अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद डॉ. विक्रम साराभाई यांच्याकडे गेले. अहमदाबादच्या जैन उद्योजक घराण्यातील हा पुत्र, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. पुढे २००२ मध्ये परळच्या त्या केंद्रात देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन आले आणि फ्लोरिन-१८ सारखी अल्पायुषी द्रव्ये येथेच बनू लागली.

फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटे. आपल्या भाषेत हिशेब करू. मुंबईहून पहाटे ५ वाजता १०० भाग माल निघाला, तर ६ वाजून ५० मिनिटांनी तो ५० राहील, ८ वाजून ४० मिनिटांनी २५ आणि साडेदहाला साडेबारा. विमान वेळेवर असले तरी नागपूरच्या रुग्णाच्या दंडापर्यंत येईतो मुद्दलाचा मोठा भाग वाटेतच विरतो. चोरी नाही, गळती नाही, डब्याचे झाकणही उघडलेले नाही. तरी माल नाही. म्हणून पाठवणारा आठपट भरून पाठवतो. गॅलियम-६८ तर एवढाही प्रवास सहन करीत नाही. ते केंद्रातच काढावे लागते.

त्यासाठी शिसाच्या आवरणात ठेवलेला एक लहानसा स्तंभ असतो, त्याला जनरेटर म्हणतात. त्यात जर्मेनियम-६८ घट्ट धरून ठेवलेले असते. त्याचे अर्धायुष्य २७१ दिवस. त्याचा क्षय होत राहतो आणि त्यातून गॅलियम-६८ जन्म घेत राहते. जर्मेनियम हे मुद्दल आणि गॅलियम हे व्याज, असे समजल्यास आपल्या लोकांना हे यंत्र लगेच उमगेल. स्तंभातून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल सोडले की साचलेले व्याज तेवढे धुऊन बाहेर येते, मुद्दल आत राहते. एकदा काढले की पुन्हा साचण्यास वेळ द्यावा लागतो: सव्वा तासाच्या आत निम्मे भरते, चार तासांत नऊ दशांश. त्यानंतर थांबून फारसा लाभ नाही, कारण जेवढे जन्मते जवळजवळ तेवढेच विरते. जे भरते आणि गळते ते पुद्गल, ही व्याख्या आपण लहानपणापासून ऐकतो. तिचे इतके काटेकोर उदाहरण मी दुसरे पाहिलेले नाही.

बाहेर आलेले गॅलियम पीएसएमए-११ रेणूशी मिसळतात, द्रावणाची आम्लता ठरावीक ठेवतात, काही मिनिटे तापवतात, मग शुद्ध करून अतिसूक्ष्म गाळणीतून निर्जंतुक करतात. शेवटी तपासणी. द्रावणाचा एक थेंब खास पट्टीच्या एका टोकाला ठेवून पट्टी द्रावकात उभी करतात. रेणूला जोडलेले गॅलियम पट्टीवर एके ठिकाणी जाते, न जोडलेले दुसऱ्या ठिकाणी राहते. दोन्ही मोजले की औषध किती टक्के खरे, ते कळते. हे प्रमाण किमान ९५ टक्के असावे लागते. आणि हे सारे चालू असताना ६८ मिनिटांचे घड्याळ थांबलेले नसते.

आमची वेळ डिसेंबरच्या मध्यावर, शहरातील एका केंद्रात ठरली. या तपासणीसाठी उपाशी राहावे लागत नाही. साखरेवर आधारलेल्या दुसऱ्या पेट स्कॅनसाठी राहावे लागते, आणि आपल्या लोकांचा नेहमी येथे गोंधळ होतो. उलट येथे पाणी भरपूर प्यावयाचे असते. औषध लघवीवाटे बाहेर पडते आणि मूत्राशय हे प्रोस्टेटच्या जागेला लागूनच असते. मूत्राशयात उजळलेली लघवी साचून राहिली, तर तिच्या झगमगाटात शेजारचा लहानसा ठिपका हरवतो. म्हणून आधी पाणी, लघवी वाढवणारे औषध, स्कॅनच्या अगदी आधी मूत्राशय रिकामे करणे आणि नंतरही पाणी.

बाबूजी चाळीस वर्षे चौविहार पाळतात आणि उकळलेले पाणीच घेतात. पाण्याची सूचना ऐकल्यावर घरात चर्चा झाली. आम्ही स्थानकात जाऊन साध्वीजींना विचारले. त्यांनी सांगितले, की पच्चक्खाणाच्या पाठातच शरीराच्या समाधीसाठी आगार ठेवलेला आहे. आजारपणात औषध-पाणी घेण्याने व्रताचा भंग होत नाही. बाबूजींनी ते नम्रपणे ऐकले आणि घरी आल्यावर म्हणाले, “आगार गरजेसाठी असतो, सोयीसाठी नाही. आधी सूर्य असताना काम होते का ते पाहू.” आम्ही सकाळची पहिली वेळ मागितली आणि ती मिळाली. उकळून गार केलेल्या पाण्याचे दोन कॅन आणि डबा घेऊन आम्ही आठ वाजता पोहोचलो.

सव्वानऊच्या सुमारास तिथली तंत्रज्ञ मुलगी बाहेर आली. वय पंचविशीचे, अंगावर किरणांची नोंद ठेवणारा बिल्ला. तिने सांगितले, “आजोबा, सकाळचे औषध तपासणीत उतरले नाही. ९१ टक्के आले. ते मी देऊ शकत नाही. जनरेटर पुन्हा भरेपर्यंत थांबावे लागेल. साडेबाराच्या पुढे पुन्हा काढू.”

प्रतीक्षाकक्षात पाच-सहा माणसे होती. कोणी गडचिरोलीहून पहाटे निघून आलेले, कोणी भंडाऱ्याचे. नाराजी होणे स्वाभाविक होते. एक गृहस्थ म्हणाले, “ताई, एक्याण्णव टक्के म्हणजे काही कमी नाही. परीक्षेत एवढे मिळाले तर पेढे वाटतो आपण.” काहीजण हसले. तिने न रागावता समजावले. उरलेले नऊ टक्के गॅलियम रेणूला जोडलेलेच नाही. ते शरीरात गेले की रक्तातील प्रथिनाला धरून फिरत राहते, सर्वत्र धूसर उजेड पसरवते. जिथे तीन-चार मिलिमीटरचा ठिपका शोधायचा, तिथे तो धूसर उजेड रोगाला लपवू शकतो. “स्कॅन झाला असता, फिल्म हातात आली असती. पण त्यात ‘काही नाही’ असे दिसले असते, तर ते खरे की खोटे, हे कोणालाच कळले नसते.”

बाबूजींनी एवढेच विचारले, “ते औषध आता काय करणार?” ती म्हणाली, “बाजूला ठेवून देऊ, आजोबा. रात्रीपर्यंत त्यात काही उरणार नाही.” अर्धायुष्ये दहा झाली, म्हणजे गॅलियमच्या बाबतीत साधारण साडेअकरा तास, की हजारावा हिस्सा शिल्लक राहतो. मग बाबूजी माझ्याकडे वळून म्हणाले, “काटा खरा आहे. थांबू.”

त्या वाक्याचे वजन कळण्यासाठी त्यांची दुकानदारी पाहिलेली असावी लागते. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’ आहे, म्हणजे देण्या-घेण्याची मापे कमी-अधिक ठेवणे. आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’ आहे, म्हणजे चांगल्या मालात हलका माल मिसळून तो चांगला म्हणून देणे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातील हे शब्द बाबूजींनी आम्हा भावंडांना शाळेच्या पाढ्यांबरोबर शिकवले होते. धर्मकाट्यावर शेतकऱ्याच्या गाडीचे वजन होताना ते स्वतः उभे राहत. पण धान्याच्या व्यवहारात समोरचा माणूस फसला तर आज ना उद्या त्याला ते कळते. तो दुसऱ्या काट्यावर माल नेऊ शकतो. त्या मुलीच्या हातातील माल दुसऱ्या काट्यावर नेता येणारा नव्हता. तासाभरात तो अर्धा झाला असता आणि रात्रीपर्यंत पुरावाच उरला नसता. ९१ चे ९५ असे तिने लिहिले असते, तरी जगात कोणाला ते सिद्ध करता आले नसते. जिथे पडताळा घेणारा कोणी नसतो, तिथेच व्रताची खरी कसोटी असते. आपल्या समाजात व्रतांची गणती पुष्कळ होते, तपस्वींचे बहुमान होतात, ते योग्यच आहे. त्या दिवशी मात्र एका यंत्रासमोर उभ्या असलेल्या मुलीने, बहुधा ते नावही न ऐकता, तिसरे अणुव्रत पाळलेले मी पाहिले.

दुपारी १२ वाजून ४० मिनिटांनी पुन्हा गॅलियम काढण्यात आले आणि १ वाजून ३५ मिनिटांनी औषध तपासणीत उतरले. आता क्रमाचा प्रश्न आला. वेळ पहिली आमची होती. चौविहाराची गोष्ट मी सकाळीच सांगितलेली असल्याने तंत्रज्ञ म्हणाली, की आजोबांना आधी घेऊ. परंतु गडचिरोलीच्या त्या शेतकऱ्यास शेवटची बस गाठायची होती, हे बाबूजींनी प्रतीक्षाकक्षातील गप्पांत ऐकले होते. “यांना आधी घे, बेटा. व्रत माझे आहे. त्याचा भार यांच्यावर का?” असे म्हणून ते पुन्हा खुर्चीवर बसले. मी घड्याळाकडे पाहिले. त्या दिवसांत नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो.

२ वाजून ५ मिनिटांनी बाबूजींना इंजेक्शन मिळाले. पहिल्या रुग्णानंतर २५ मिनिटे गेलेली असल्याने तेवढ्याच मात्रेसाठी साधारण १.३ पट द्रव घ्यावा लागला. सुई टोचण्यापूर्वी सिरिंज मोजली, टोचल्यावर रिकामी सिरिंज पुन्हा मोजली, कारण आत चिकटून राहिलेला अंशही वजा करावा लागतो. वेळ मिनिटासह लिहिली. मोजणीच्या यंत्राचे आणि स्कॅनरचे घड्याळ एकच वेळ दाखवते का, हे ती रोज सकाळी पाहते, असे तिने सांगितले. गॅलियमच्या बाबतीत दोन घड्याळांत १० मिनिटांचा फरक पडला, तर अहवालातील आकड्यात सुमारे दहा टक्क्यांचा फरक पडतो. आणि पुढच्या वर्षीच्या स्कॅनशी तुलना करायची तर हा आकडा खरा हवा.

मग एका तासाची प्रतीक्षा. येथे दोन घड्याळे उलट दिशांनी चालतात. शरीराचे घड्याळ म्हणते, थांबा: रक्तातील औषध अजून ओसरते आहे, रोगाच्या पेशी ते अजून आत ओढून घेत आहेत, जितके थांबाल तितका ठिपका भोवतालापासून वेगळा दिसेल. अणूचे घड्याळ म्हणते, घाई करा: उजेड कमी होतो आहे. या दोहोंचा मेळ पीएसएमए-११ साठी साधारण ६० मिनिटांवर घातला जातो. ५० ते १०० मिनिटांची मर्यादा मान्य आहे. लवकर घेतले तर चित्र गढूळ, फार उशिरा घेतले तर फिके. बाबूजींनी सामायिक करावे असे मनात आणले होते, पण त्यात पाणीही घेता येत नाही आणि मध्येच उठताही येत नाही. त्यांनी माळ हाती घेतली आणि घोट-घोट पाणी घेत जप केला.

३ वाजून ५ मिनिटांनी स्कॅन सुरू झाला. वीस मिनिटांनी डॉक्टरांनी मला पडद्यावरचे चित्र दाखवले. लाळग्रंथी, अश्रुग्रंथी, मूत्रपिंडे उजळलेली होती; पीएसएमए नावात प्रोस्टेट असले तरी ते या अवयवांतही असते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. ओटीपोटात डावीकडे मात्र दोन बारीक ठिपके होते. हाडे स्वच्छ होती. डॉक्टर म्हणाले, की यातला एक ठिपका मूत्रनलिकेतील लघवीचा थेंब असू शकतो. तासाभराने तेवढ्याच भागाचे पुन्हा चित्र घेऊ. पाणी पाजा आणि चालवा.

४ वाजून ४० मिनिटांनी दुसरे चित्र घेतले. औषधाचा जेमतेम पाचवा हिस्सा शिल्लक होता. तरी पुरेसा होता. दोन ठिपक्यांपैकी एक जागेवर नव्हता. तो लघवीबरोबर खाली वाहून गेला होता. दुसरा तिथेच होता आणि आधीपेक्षा ठळक झाला होता. तो पाच मिलिमीटरच्या लसिकाग्रंथीतला रोग होता. सकाळचे ९१ टक्क्यांचे औषध दिले असते आणि एकच चित्र घेऊन सोडले असते, तर या दोन ठिपक्यांचा निवाडा कसा झाला असता, ते मला सांगता येत नाही. किरणोपचाराचे क्षेत्र त्या एका ग्रंथीला धरून ठरवता आले, हे मात्र सांगता येते.

केंद्राच्या बाहेर येताच बाबूजींनी पश्चिमेकडे पाहिले. कॅनमधले उरलेले पाणी गाडीच्या बॉनेटवर ठेवून सूर्यास्ताच्या आत सावकाश घेतले आणि पच्चक्खाण घेतले. संध्याकाळचे जेवण त्यांनी सोडून दिले. दुपारी डबा झालेलाच होता. आगाराची गरज पडली नाही. पडली असती तर तो घेण्यास त्यांनी संकोच केला नसता, हेही त्यांनी घरी आल्यावर सांगितले. कारण व्रत देहाकडून पाळले जाते आणि देह राखणे हाही धर्मच.

आपल्या घरांसाठी काही गोष्टी नमूद करतो. अशी तपासणी ठरली, तर दिलेली वेळ ही दुकान उघडण्याची वेळ समजू नये. ती औषधाच्या आयुष्याची वेळ असते. आपण अर्धा तास उशिरा पोहोचलो, तर आपल्यासाठी काढलेले औषध तेवढे कमी झालेले असते आणि रांगेतील पुढच्या माणसाचाही वाटा आपण खातो. चौविहार, एकासन, उपवास, वर्षीतप असे काही चालू असेल, तर तारीख घेतानाच केंद्रास सांगावे. पर्युषणात अठ्ठाई चालू असलेल्या माणसाने ही तपासणी मध्येच उरकून घेऊ नये, डॉक्टरांना विचारून पुढे-मागे करावी. उकळलेले पाणी घरूनच न्यावे. सोबत एकच माणूस असावा. सारे कुटुंब घेऊन जाऊ नये. त्या दिवशी लहान मुलांना मांडीवर घेऊ नये आणि गरोदर सुनेपासून थोडे अंतर राखावे. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलियमचे नावही शरीरात उरत नाही. आणि औषध उतरले नाही म्हणून थांबावे लागले, तर त्या तंत्रज्ञावर आवाज चढवू नये.

सर्वांत महत्त्वाचे, पन्नाशी उलटलेल्या पुरुषांनी लघवीच्या तक्रारी लपवू नयेत, पीएसए तपासावे की नाही याविषयी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. ज्या घरात रोजमेळ लिहिल्यावाचून गल्ला बंद होत नाही, त्या घरात शरीराचे खाते वर्षानुवर्षे न पाहता ठेवणे शोभत नाही.

किरणोपचार पूर्ण होऊन आता काही महिने झाले आहेत. पीएसए पुन्हा ०.१ च्या खाली आले आहे. आजार संपला असे डॉक्टर म्हणत नाहीत, आम्हीही म्हणत नाही. दर तीन महिन्यांनी तपासणी होते आणि तो आकडा बाबूजी आपल्या जुन्या लाल वहीत, तारखेसह, स्वतःच्या हाताने लिहितात.